मेदोहर औषधें व एटापल्लीचें अरण्य

जुन्या वैद्यकीय पोथ्या, बाडें व सुटीं पानें गोळा करणाऱ्या गृहस्थांकडून गेल्या कांहीं वर्षांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं आमच्याकडे येतो. रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढलें असतां तें उतरविणारें औषध आपल्या जुन्या ग्रंथांत सांगितलें आहे काय, आणि असल्यास तें चांदा-गडचिरोलीकडील जंगलांत अद्यापि मिळतें काय? प्रश्नामागें बहुधा घरांतील कोणाचें तरी दुखणें असतें. नुसतें कुतूहल क्वचितच असतें. दूरचें, दाट, डोंगराळ अरण्य म्हटलें कीं तेथें प्रत्येक रोगाची मुळी असावयाचीच, अशी शहरवासी लोकांची एक जुनी समजूत आहे. म्हणून एटापल्लीचें नांव या संदर्भांत उच्चारलें जातें. उत्तर घाईनें दिलें तर पोथीची फजिती होते आणि रोग्याच्या जिवाशींही गांठ पडते. यासाठीं ग्रंथ काय म्हणतात, अरण्यांत काय उगवतें आणि या दोहोंच्या मध्यें नांवांचा केवढा घोंटाळा आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोलेस्टेरॉल हा शब्द व तो पदार्थ या दोहोंचा पत्ता आमच्या प्राचीन वैद्यांस नव्हता, तसाच तो युरोपांतील प्राचीन वैद्यांसही नव्हता. पित्ताश्मरींतून, म्हणजे पित्ताशयांत होणाऱ्या खड्यांतून, हा पदार्थ अठराव्या शतकांत वेगळा काढण्यांत आला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यानें एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्याला नांव दिलें. आणि सेंट पीटर्सबर्ग येथें आनिचकोव्ह यानें इ. स. १९१३ मध्यें सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर बसतात असें दाखविलें. रक्तांतील त्याचें प्रमाण मोजण्याची रीत रुळली ती विसाव्या शतकांत. हा विकार असा कीं तो रोग्यास दिसत नाहीं, दुखत नाहीं व खुपतही नाहीं. जो विकार मोजल्यावांचून कळत नाहीं त्यावर खास औषध शोधून ठेवलें आहे असें मानणें म्हणजे निदानाच्या आधीं चिकित्सा मानणें होय. शिवाय अंगानें कृश अशा माणसाच्या रक्तांतही कोलेस्टेरॉल फार असूं शकतें, आणि स्थूल माणसाचें तें बेताचें असूं शकतें. म्हणून मेद व कोलेस्टेरॉल हे दोन शब्द एकमेकांच्या जागीं घालणें कोणत्याही रीतीनें चालणार नाहीं.

असें असूनही ग्रंथांत कांहींच नाहीं असें नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय आठ निंदित पुरुषांविषयीं आहे, आणि त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार सविस्तर आला आहे. स्थौल्याचीं जीं कारणें तेथें दिलीं आहेत तीं वाचून आजच्या वाचकास आश्चर्य वाटेल: गुरु, मधुर, शीत व स्निग्ध अन्नाचें अतिसेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप, चिंतारहित मन, आणि शेवटीं बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति. स्थूल व कृश यांत कृशच बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असा निर्वाळाही तेथेंच दिला आहे. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायांत मेदाच्या अतिवृद्धीचें वर्णन करितांना मेदानें मार्ग अडल्यामुळें इतर धातूंचें पोषण होत नाहीं असें सांगितलें आहे, व पुढें उपचारांत शिलाजतु, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहाचें चूर्ण, रसांजन, मध, जव, मूग, कोदो, सावा अशीं रूक्ष व छेदन करणारीं द्रव्यें गणिलीं आहेत. 'मार्ग अडणें' ही कल्पना रोहिण्यांत थर बसण्याच्या आधुनिक कल्पनेशीं वरवर जुळते, आणि या एका जुळणीमधून पुढें बरेंच कांहीं निष्पन्न झालें. परंतु सुश्रुताच्या मनांत स्रोतसें होतीं, प्रयोगशाळेंत चिरून पाहिलेली रोहिणी नव्हती. माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत मेदोरोगाचें स्वतंत्र प्रकरण केलें, व चक्रदत्तानें त्यावरील योगांचा संग्रह केला. महाराष्ट्रांतील वैद्यघराण्यांत वाग्भट, शार्ङ्गधर, योगरत्नाकर व लोलिंबराजाचें वैद्यजीवन यांच्या प्रती विशेष आढळतात. तेव्हां एखाद्या बाडांत मेदोरोगाचा योग मिळाला तर तो या मोठ्या ग्रंथांपैकीं कोणाचा उतारा आहे हें आधीं पाहावें आणि मग त्यास 'अप्रसिद्ध' म्हणावें. अप्रसिद्ध म्हणून आलेले पुष्कळ योग निर्णयसागरच्या छापील प्रतींत बसल्या जागीं सांपडतात.

आतां अरण्याकडे वळूं. एटापल्ली हें आलापल्लीच्या पूर्वेस, सुरजागडच्या डोंगराळ मुलखांत आहे. पूर्वेची हद्द बस्तराशीं भिडते. हा सर्व प्रदेश पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांत, अहेरीच्या विस्तीर्ण जमीनदारींत मोडत असे, इ. स. १९८२ मध्यें चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हां तो गडचिरोली जिल्ह्यांत गेला. चांद्याचें गोंड राज्य इ. स. १७५१ मध्यें नागपूरकर भोसल्यांकडे आलें, आणि इ. स. १८५३ त रघूजी तिसरे निपुत्रिक वारल्यावर तें इंग्रजांच्या घशांत गेलें. लिखित साधनें पाहूं गेल्यास मेजर ल्यूसी स्मिथ याचा इ. स. १८६९ चा बंदोबस्ताचा अहवाल, इ. स. १९०९ चें चांदा जिल्ह्याचें गॅझेटियर, हिस्लॉपचे त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १८६६ त छापलेले टिपणवजा कागद, रसेल व हिरालाल यांचा इ. स. १९१६ चा जातिवर्णनाचा ग्रंथ, आणि इंद्रावतीपलीकडील माडियांविषयीं ग्रिग्सन याचें इ. स. १९३८ चें पुस्तक, हीं मुख्य होत. यांत जमीन, सारा, लाकूड, लोखंड, लग्नविधि, देवदेवता यांची माहिती भरपूर आहे. औषधांविषयीं मात्र हीं साधनें बहुतेक मुकीं आहेत. अंमलदारास सारा हवा होता व सागवान हवें होतें. वैदू कोणती साल कशासाठीं उगाळतो याच्याशीं त्यास कर्तव्य नव्हतें.

उपचाराची एक कथा मात्र या जिल्ह्याच्या इतिहासाच्या दारांतच उभी आहे. खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाच्या अंगावर गांठी उठल्या होत्या. शिकारींत तहान लागली असतां झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत एका खळग्यांतील पाणी तो प्याला व त्यानें तोंडहात धुतले, आणि गांठी नाहींशा झाल्या. त्याच ठिकाणीं अचलेश्वराचें स्थान झालें व चांदा शहर वसलें, असें सांगतात. ही दंतकथा आहे, आणि तिचा पुरावा म्हणून उपयोग करूं नये. तथापि ज्या शहरानें आपला आरंभ एका दुखण्याच्या उताराशीं जोडून घेतला त्याच्या आसपासच्या वैद्यकाविषयीं कागद इतके अबोल असावेत, हा योग विचित्र खरा.

कागद अबोल असले तरी झाडें बोलतात, आणि येथें आम्हांस या शोधांत सर्वांत मोलाचा दुवा मिळाला असें वाटतें. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या अडतिसाव्या अध्यायांत द्रव्यांचे गण दिले आहेत. त्यांपैकीं सालसारादि गणाचें फळ सांगतांना तो कुष्ठ, मेह व पांडु यांचा नाश करणारा आणि कफ व मेद यांस सुकविणारा आहे असें म्हटलें आहे. या गणांतील वृक्ष पाहावे: खदिर, तिनिश, शिंशपा, शिरीष, असन, धव, अर्जुन, शाक. मराठींत सांगावयाचें तर खैर, तिवस, शिसव, शिरीष, बिजा, धावडा, अर्जुनसादडा आणि साग. एटापल्ली-आलापल्लीच्या जंगलांतून एखादा दिवस हिंडलेल्या मनुष्यास ही यादी ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं. आलापल्लीजवळील जुन्या सागाच्या राखलेल्या तुकड्यास 'वनवैभव' म्हणतात, व त्यास इ. स. २०१४ मध्यें जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला आहे. सागाकडे आजवर सर्वांनीं इमारतीचें लाकूड म्हणून पाहिलें. सुश्रुतानें त्याचा गाभा मेद सुकविणाऱ्या द्रव्यांत बसविला आहे. वनखात्याच्या लिलावाची यादी व सुश्रुताचा गण एकमेकांशेजारीं ठेवले तर निम्मीअधिक नांवें जुळतील! गणाच्या अग्रभागीं असलेला साल मात्र येथील मुख्य वृक्ष नव्हे. त्याचीं मोठीं अरण्यें पूर्वेस बस्तरांत लागतात.

तेव्हां 'गुग्गुळ एटापल्लीस मिळतो काय' असें विचारण्यापेक्षां 'सालसारादि गण एटापल्लीस मिळतो काय' असें विचारणें अधिक सयुक्तिक आहे, आणि त्याचें उत्तर बऱ्याच अंशीं होकारार्थी आहे. परंतु लगेच हेंही सांगितलें पाहिजे कीं या गणाचा मुख्य रोख कुष्ठ व मेह यांवर आहे. मेद त्यांत ओघानें येतो. मध्य हिंदुस्थानांत बिजाच्या लाकडाचे पेले करून त्यांत रात्रभर ठेवलेलें पाणी मधुमेही लोकांस पाजण्याची जी चाल आहे ती या गणाच्या मेहनाशक कीर्तीशीं सुसंगत आहे. अर्जुनाची गोष्ट निराळी. त्याची साल दुधांत कढवून हृद्रोगांत देण्याचा योग चक्रदत्तांत आहे, आणि आजकाल हृदयविकार व कोलेस्टेरॉल हीं दोन नांवें जोडीनें उच्चारलीं जात असल्यामुळें अर्जुन हा कोलेस्टेरॉलवरचा म्हणून खपविला जातो. ग्रंथांतील हृद्रोग व मेदोरोग हीं प्रकरणें वेगळीं आहेत. त्यांची ही सोयरीक अलीकडची आहे.

येथपर्यंत आम्हीं असन म्हणजे बिजा असें सहज लिहून टाकलें. परंतु ज्यांना पोथ्या वाचावयाच्या आहेत त्यांनीं या शब्दापाशीं थांबलें पाहिजे. संस्कृतांतील असन किंवा बीजक म्हणजे ज्याच्या सालींतून रक्तासारखा लाल डिंक येतो तो बिजा, ज्यास कोंकणाकडे बिवळा म्हणतात; वनस्पतिशास्त्रांतील टेरोकार्पस मार्सुपियम. हिंदींत आसन म्हणतात तें झाड निराळें. तो आपला ऐन, चंद्रपुराकडील उच्चारांत येन. आणि मराठींत असाणा किंवा कांटेअसण म्हणतात तें तिसरेंच, ब्रिडेलिया रेटुसा, ज्याच्या कोंवळ्या खोडावर कांटे असतात. तिन्ही झाडें या अरण्यांत उभीं आहेत. चांदा हा प्रांत मराठी, हिंदी, गोंडी व तेलुगु या चार भाषांच्या सीमेवरचा. तेव्हां या बाजूच्या एखाद्या बाडांत नुसतें 'असणाची साल' असें असेल तर लिहिणारा कोणत्या भाषेंत विचार करीत होता हें ठरविल्याखेरीज झाड ठरत नाहीं. राजनिघंटूचा कर्ता नरहरि यानें आपल्या कोशांत कर्नाटक व महाराष्ट्र भाषांतील नांवांचा आधार घेतला, याचें कारण हीच अडचण असावी. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या इ. स. १९२७ च्या 'औषधिसंग्रहा'सारखीं मराठी पुस्तकें या कामीं हातीं असावींत, परंतु तींही मुख्यत्वें मुंबईकडील बाजाराच्या अनुभवानें लिहिलेलीं आहेत, हें लक्षांत ठेवावें.

गुग्गुळाचा घोंटाळा याहूनही मोठा आहे. खरा गुग्गुळ ज्या कांटेरी झुडुपाचा, त्या कॉमिफोरा वायटीचें घर कच्छ, काठेवाड, राजपुताना व सिंध असा रखरखीत मुलूख. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडांत गुग्गुळास सैंधव अथवा समुद्रीय म्हटलें आहे. सिंधूकडून आलेला किंवा समुद्रमार्गानें आलेला. इ. स. च्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक प्रवासपोथींत सिंधूच्या मुखावरील बार्बरिकॉन व भडोच या बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालांत तो गणिला आहे. म्हणजे जेव्हांपासून त्याचें नांव ऐकूं येतें तेव्हांपासून तो व्यापाऱ्याच्या गोणींतून हिंडणारा माल आहे. एटापल्लीच्या ओल्या पानझडी जंगलांत तो उगवत नाहीं. उगवते ती सालई, बॉस्वेलिया सेराटा. तिच्या खोडास चीर दिली असतां सुगंधी चीक निघतो. ग्रंथकार झाडास शल्लकी व चिकास कुंदुरु म्हणतात आणि गुग्गुळापासून त्यास स्पष्ट वेगळें ठेवतात. परंतु बाजारानें हा भेद पाळला नाहीं. सालईचा चीक 'सालई गुग्गुळ' किंवा नुसता 'गुग्गुळ' म्हणून विकला जात असे, हें एकोणिसाव्या शतकांतील वॅट याच्या आर्थिक वनस्पतींच्या कोशावरूनही दिसतें. त्यांत भर म्हणून शेजारच्या तेलुगु मुलखांत 'गुग्गिलम्' म्हणजे साल जातीच्या वृक्षाची राळ. तीन वृक्ष, तीन चीक, आणि कानाला लागणारें नांव जवळजवळ एकच.

याचा पोथीवाचनावर काय परिणाम होतो तें उघड आहे. पुण्याच्या किंवा पैठणच्या वैद्यानें लिहिलेल्या योगांतील गुग्गुळ गुजराथी व्यापाऱ्याकडून आलेला असण्याचा संभव अधिक. अहेरीकडे नकललेल्या त्याच योगांतील गुग्गुळ सालईचा किंवा राळेचाही असूं शकेल. अक्षरें तींच, औषध निराळें. धुपासाठीं कोणताही चालला तरी बिघडत नाहीं; पोटांत घ्यावयाचा असेल तर बिघडतें. सालईच्या चिकाची आजची ख्याति सांध्यांच्या सुजेवरील आहे, मेदावरील नव्हे.

भावप्रकाशकार भावमिश्रानें सोळाव्या शतकांत गुग्गुळाच्या पांच जाती दिल्या आहेत: महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म व हिरण्य. पहिल्या दोन हत्तींस हितकर, पुढच्या दोन घोड्यांस, व सोन्याच्या रंगाचा हिरण्य माणसांस; महिषाक्षही माणसांस चालतो असें कांहींचें मत, असेंही त्यानें नोंदविलें आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं नवा गुग्गुळ शरीर पुष्ट करणारा व जुना अत्यंत लेखन, म्हणजे खरवडून काढणारा, असा भेद त्यानें केला आहे. ज्यानें स्थूल माणसास नवा ताजा गुग्गुळ दिला त्यानें ग्रंथाप्रमाणें पाहतां उलटेंच केलें. पोथी जुनी असावी असें म्हणणारे आमच्यांत पुष्कळ. डिंकही जुना असावा लागतो हें कितींच्या लक्षांत असतें?

आधुनिक काळांत या शोधास जें वळण मिळालें त्याची हकीकत संशोधकांस बोधप्रद आहे. काशी हिंदु विश्वविद्यालयांत डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनीं सुश्रुतांतील मेदोरोगाचें वर्णन व आधुनिक रोहिणीकाठिण्य यांतील साम्यावरून गुग्गुळाचा प्रयोग सशांवर केला. त्यांचा प्रबंध इ. स. १९६६ चा. सशांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरल्याचें त्यांना आढळलें. त्या पुढें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेनें गुग्गुळापासून काढलेला अर्क इ. स. १९८० नंतरच्या दशकांत औषध म्हणून भारतीय बाजारांत आला. भारतांतील अनेक चाचण्यांत घट दिसली. परंतु अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं १०३ माणसांवर आठ आठवडे केलेली व इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेली चाचणी उलट निघाली: अर्क घेणाऱ्यांचें अपायकारक कोलेस्टेरॉल शेंकडा ४ ते ५ नें वाढलें, निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांचें शेंकडा ५ नें उतरलें, आणि अर्क घेणाऱ्यांपैकीं कांहींच्या अंगावर पुरळ उठलें. खाणें, प्रकृति व अर्काची रीत यांतील फरकानें हा विरोध उकलतो काय, यावर वाद झाला आहे. आमच्या मतें येथें ग्रंथाची बाजू घेऊन भांडण्याचें कारण नाहीं. सुश्रुतानें डझनभर द्रव्यें आहारासह सांगितलीं. प्रयोगशाळेनें त्यांतील एक उचललें, त्याचा अर्क केला, व मूळ ग्रंथांत नसलेल्या मापानें त्याचा गुण मोजला. यश आलें तर तें सगळें सुश्रुताचें नव्हे, अपयश आलें तर तेंही सगळें त्याचें नव्हे. ज्यांच्या घरीं वैद्यकीय तपासणीनंतर गोळ्या चालूं आहेत त्यांनीं मात्र एखाद्या बाडांतील ओळीवर विसंबून त्या बंद करूं नयेत, हें आम्ही प्रश्नकर्त्यांस प्रत्येक वेळीं लिहितों व येथेंही लिहितों. आणखी एक: मागणी इतकी वाढली कीं झाडास वाटेल तशा चिरा देऊन व रसायनें भरून चीक काढतां काढतां झाडेंच मेलीं, आणि इ. स. २०१५ मध्यें आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें गुग्गुळाची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत केली. बाजारांत गुग्गुळ म्हणून भेसळ येणें यापुढें वाढणारच.

आतां ज्यांच्या अरण्याविषयीं आम्ही बोलत आहों त्या लोकांविषयीं. एटापल्लीचे मूळ रहिवासी माडिया गोंड. चरकानें सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व इतर वनवासी हे औषधी नांवानें व रूपानें जाणतात असें म्हटलें आहे. आणि लगेच, केवळ नांवरूप जाणल्यानें औषधीचें खरें ज्ञान होत नाहीं, उपयोजना जाणणारा तोच तत्त्वज्ञ, असेंही बजावलें आहे. सुश्रुतही गुराखी, तापस, व्याध व कंदमुळें खाणारे यांच्याकडून औषधी ओळखून घ्यावी असें सांगतो. हा आमच्या वैद्यकाचा मोकळेपणा खरा, पण त्यांत एक अन्यायही आहे. झाड दाखविणारा वनवासी आणि औषध जाणणारा वैद्य अशी वांटणी करून वनवाशाचें नांव ग्रंथांतून कायमचें गळालें. गांवचा वैदू कोणत्या ऋतूंत साल काढावी, झाडाच्या कोणत्या बाजूची काढावी, कोणास देऊं नये, हें सर्व जाणतो. तो उपयोजनाच जाणतो. गडचिरोली जिल्ह्यांतील स्त्रिया झाडांविषयीं काय जाणतात याचें दर्शन डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकानें मराठी वाचकांस घडविलें. वैद्यकीय पोथ्यांच्या अभ्यासकांनीं तें आपल्या शेल्फावर ठेवावें अशी आमची शिफारस आहे.

पण या वैदूस मेदोरोगाचें औषध विचारणें कितपत योग्य? ज्या मुलखांत हिंवताप, सिकलसेल व मुलांची उपासमार हीं दुखणीं, जेथें दिवसाची वाटचाल डोंगरांतली आणि पोटांत पेज किंवा आंबील, तेथें मेद झडविण्याच्या औषधाची परंपरा वाढावी कशाला? औषधाची परंपरा दुखण्यामागून येते. चरकाच्या स्थूल पुरुषाचें वर्णन पाहिलें तर तो धनवान, बसून खाणारा, दुपारीं झोपणारा आहे. तो नगरांतला आहे. त्याचें औषध वनांतून आलें असेल, पण त्याची मागणी नगरांतून गेली.

येथें आम्हांस एक गोष्ट फार चटका लावून गेली. चरक व सुश्रुत या दोघांनीं स्थूलास जें अन्न नेमून दिलें त्यांत कोद्रव व श्यामाक, म्हणजे कोदो व सावा, हीं हलकीं धान्यें आहेत. कोदो, कुटकी, कोसरा हीं याच जातीचीं बारीक धान्यें या भागांतील डोंगर-उतारांवर जंगल तोडून-जाळून केलेल्या शेतांत पिकत आलीं आहेत. ज्यास शहरांतील वैद्य पथ्य म्हणून लिहून देतो तें माडियाचें रोजचें जेवण होतें. मेदोहर औषधांच्या ग्रंथोक्त यादींत एटापल्लीशीं सर्वांत निःसंशय जुळणारें द्रव्य कोणतें असें कोणी विचारलें तर आम्ही ना गुग्गुळ सांगूं, ना अर्जुन. आम्ही कोदोकडे बोट दाखवूं. यादींतील लोहचूर्णाचें नांव वाचून सुरजागडचें लोहखनिज आठवेल, पण तो निव्वळ योगायोग आहे. खनिज म्हणजे शोधून भस्म केलेलें लोह नव्हे, व तें खडकावरून खरवडून खाण्याचा प्रकार कोणी करूं नये. त्रिफळा मात्र येथील खरी. हिरडा, बेहडा, आवळा तिन्ही या वनांत विपुल आहेत.

संग्राहक मित्रांस आमची विनंति अशी आहे. चंद्रपूर, मूल, आरमोरी, वैरागड, अहेरी, सिरोंचा या बाजूंच्या घरांतून वैद्यकीय टिपणें मिळाल्यास, जमाखर्चाच्या वहींत मध्येंच लिहिलेला एखादा योग असला तरी, तें पान फाडून वेगळें काढूं नये. मागच्या-पुढच्या नोंदींवरूनच त्याचें गांव व साल ठरतें. गुग्गुळ हा शब्द गुगुळ, गुगूळ, गूगळ असा कसाही लिहिला असेल तसाच उतरून घ्यावा, शुद्ध करूं नये. आणि त्यापुढें भाव लिहिला असल्यास तो अवश्य कळवावा, कारण कच्छाहून आलेला माल व शेजारच्या टेकडीवरील सालईचा चीक यांचा भाव एक असणें शक्य नाहीं. असणाच्या सालीचा उल्लेख आला तर सालीचा किंवा डिंकाचा रंग सांगितला आहे काय तें पाहावें: लाल असेल तर बिजा. वजनें तोळा, मासा, टांक, पैसाभार यांपैकीं कोणतीं आहेत तीं मुळांतल्याप्रमाणें द्यावींत. जेथें एखाद्या माडिया किंवा गोंड माणसानें तोंडीं सांगितलेली माहिती मिळेल तेथें झाडाचें नांव त्याच्याच भाषेंत, त्याच्या उच्चाराप्रमाणें, प्रथम लिहावें व मराठी नांव त्याखालीं. सांगणाऱ्याची परवानगी घेतल्याखेरीज औषधाची कृति छापूं नये. नेपाळांतील सुश्रुताची इ. स. ८७८ ची ताडपत्रावरील पोथी व आपल्याकडील छापील प्रत यांतील सालसारादि गणाचे पाठ एकत्र मांडण्याचें काम कोणी सभासद हातीं घेईल तर त्यास या जंगलांतील झाडांची मराठी नांवें पुरविण्यास आम्ही तयार आहों.